परत न आलेल्या बायका

ताई,
सर्जरीचं शिक्षण संपवून गेल्या वर्षी मी युगांडात आले. पूर्वेकडच्या एका लहान धर्मादाय रुग्णालयात दोन वर्षांचा करार आहे. कंपाला इथून बसने सहा तास. सर्जन मी एकटीच, त्यामुळे हर्नियापासून सिझेरियनपर्यंत सगळं करते. पण झोप उडवली आहे ती स्तनाच्या कॅन्सरने. माझ्या वहीत आजवर तीसेक बायकांची नावं झाली. बहुतेकींची गाठ मुठीएवढी, काहींची फुटलेली. गेल्या महिन्यात अडतीस वर्षांची एक बाई आली. गाठ दीड वर्षाची, कातडी फाटून जखम झालेली. माझा तोल गेला. "इतके दिवस काय करत होतात?" असं नर्सकरवी मी तिला विचारलं. ती काही बोलली नाही. लेसू, म्हणजे अंगावर घ्यायचं कापड, खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि खाली बघत बसली. बायोप्सी केली, तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, ती काही आली नाही. अशा परत न आलेल्या दहा-बारा जणी आहेत. आता घरच्या ओळखीतलं एक मंडळ मॅमोग्राफीचं मशीन द्यायला तयार आहे. त्यांना पुढच्या महिन्यात उत्तर द्यायचंय. मशीन घेऊ का? आणि खरं विचारायचं तर, इथे राहून काही उपयोग आहे का, की परत येऊ?
– एक सर्जन, पूर्व युगांडा

अगं,

मशीनचा प्रश्न आधी संपवते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. घेऊ नकोस. मंडळाला मात्र नाही म्हणू नकोस. त्यांच्या पैशाला तुझ्याकडे याहून फार चांगलं काम आहे, त्याकडे येतेच.

मॅमोग्राफी हाताला न लागणारी गाठ शोधते. तुझ्याकडे येणाऱ्या बायकांची गाठ त्यांना स्वतःला कधीची लागलेली असते. ती आहे हे सांगायला मशीन नको, ती काय आहे हे चटकन सांगणारं कुणीतरी हवं. मशीन घेतलंस तर गावोगावच्या निरोगी बायकांना बोलवावं लागेल, त्यांच्यातल्या कित्येकींच्या फिल्मवर संशयाचा डाग दिसेल, त्या सगळ्यांची बायोप्सी करावी लागेल, आणि आजच तुझा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागतात. शिवाय तुझ्या वहीतल्या बायकांची वयं बघ. बहुतेक चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतील. या वयात स्तन दाट असतो आणि फिल्मवर गाठ त्यातच लपून जाते. आरोग्य व्यवस्था अशक्त असलेल्या देशांनी मॅमोग्राफीच्या मागे न लागता लक्षणं दिसणाऱ्या बायकांचं निदान लवकर करण्यावर भर द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच सांगितलं आहे.

मशीन बंद पडतं तेव्हा काय होतं, हे तर युगांडाने भोगलंय. 2016 मध्ये कंपालातल्या मुलागो या मोठ्या सरकारी रुग्णालयातलं कोबाल्टचं जुनं मशीन कायमचं बंद पडलं. साऱ्या देशात रेडिएशनचं ते एकच मशीन होतं. नवं सुरू व्हायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला. ज्यांना जमलं त्या नैरोबीला गेल्या, बाकीच्या घरी गेल्या. तुझ्याकडे दुरुस्तीला माणूस कुठून येणार, विजेचा दाब कमी-जास्त झाला तर काय, फिल्म वाचणार कोण, हे मंडळाला विचारून बघ. द्यायचंच असेल तर त्यांनी सोनोग्राफीचं छोटं मशीन द्यावं. तरुण बाईच्या गाठीत पाणी आहे की मांस, हे त्यात दिसतं, सुई कुठे घालायची ते कळतं, आणि उरलेल्या वेळी ते तुझ्या बाळंतिणींच्या कामी येतं.

नुसत्या हाताने काय होतं, याचा एक मोठा पुरावा मुंबईत तयार झालाय. 1998 मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासले. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. वीस वर्षांचे निकाल 2021 मध्ये छापून आले. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडत होता. सगळ्या वयांचा एकत्र हिशोब केला तर मृत्यूतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. या पुराव्यावर घरोघरी तपासणी सुरू कर असं मी म्हणत नाही. मात्र तुझ्या भागातल्या हेल्थ सेंटरमधली नर्स शिकवली तर गाठ ओळखू शकते, याबद्दल शंका ठेवू नकोस.

आता त्या बाईबद्दल. रागवायला लिहीत नाहीये. असं मीही बोलले आहे, एकदा नाही, अनेकदा. पण "इतके दिवस काय करत होतात?" हा प्रश्न तू टोमणा म्हणून विचारलास. तोच खरा प्रश्न म्हणून विचारून बघ. शेजारी बस, आणि विचार, "गाठ लागल्यावर सगळ्यात आधी कुणाला दाखवलीत? त्यांनी काय सांगितलं? मग कुठे गेलात?" उत्तरं वहीत लिहून ठेव, तारखांसकट.

शेजारच्या रवांडात हे झालंय. तिथे बुतारो नावाच्या डोंगराळ गावात 2012 मध्ये कॅन्सर केंद्र सुरू झालं. तिथल्या आणि आणखी एका रुग्णालयातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या 144 बायकांना हेच प्रश्न विचारले. गाठ लागल्यापासून निदानापर्यंतचा काळ मोजला तर मधला आकडा पंधरा महिन्यांचा निघाला. बाईने पहिल्यांदा दवाखाना गाठेपर्यंतचा मधला आकडा पाच महिने, आणि पहिल्या दवाखान्यापासून निदान होईपर्यंतचाही पाच महिनेच (मधल्या आकड्यांची बेरीज जुळतेच असं नाही). म्हणजे जेवढा उशीर बाईने केला, तेवढाच आपण सगळ्यांनी मिळून केला. वैदूकडे आधी गेलेल्या आणि कमी शिकलेल्या बायका घरातून उशिरा निघाल्या होत्या, हेही त्यात दिसलं. पण निदान व्हायच्या आधी ज्यांनी पाच किंवा त्याहून जास्त खेपा घातल्या, त्यांचा उशीर आपल्या दारातला होता.

तुझ्या बाईची दीड वर्षं कशी गेली असतील, याचा मी अंदाज करू शकते. मूल अंगावर पीत असताना गाठ लागली असेल. हेल्थ सेंटरमध्ये कुणीतरी दूध साठलंय म्हणून अँटिबायोटिक दिलं असेल. दुखत नव्हतं म्हणून ती गप्प बसली असेल, कारण दुखत नाही ते गंभीर नाही, असं जगभरच्या बायकांना वाटतं. पुन्हा गेली तेव्हा पुन्हा अँटिबायोटिक. मग कुणी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली असेल आणि गाडीभाड्याला पैसे नसतील. माझा अंदाज चुकीचाही असेल, म्हणून तर विचार म्हणते. दहा बायकांना विचारलंस की तुझ्या भागात बाई नेमकी कुठे अडते ते दिसेल. तीनजणी एकाच हेल्थ सेंटरमधून रिकाम्या हाताने परतल्या असतील, तर तुला कुठे जायचंय ते कळलं. तिथे जा, अर्धा दिवस बस, तिथल्या नर्सबरोबर दोन बायका तपास. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांत एकच नियम पोचव: बाई अंगावर पाजणारी असली तरी अँटिबायोटिकचा कोर्स एकदाच, आणि तो संपल्यावर गाठ तिथेच असेल तर बाई दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे. काखेतली गाठ, आत ओढलेलं बोंड, बोंडातून रक्त, कातडीवरची खळी, हे दिसलं तर कोर्सचीही वाट बघायची नाही. बुतारोच्या आसपासच्या आरोग्य केंद्रांतल्या नर्सना असंच शिकवलं गेलं. त्यासाठी कुठलंही मशीन लागलं नाही.

यापुढचं सगळं तुझ्या हातातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कॅन्सरसाठी 2023 मध्ये एक आराखडा दिला. त्यात तीन आकडे आहेत. साठ टक्के बायकांचा कॅन्सर पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात सापडावा, पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून साठ दिवसांच्या आत निदान व्हावं, आणि ऐंशी टक्के बायकांचे उपचार पूर्ण व्हावेत. पहिला आणि तिसरा आकडा साऱ्या देशाचा आहे, त्याचं ओझं तू एकटीने घेऊ नकोस. मधला मात्र तुझा आहे. वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना आख: पहिल्या भेटीपासून किती दिवस झाले.

बायोप्सी पहिल्याच भेटीत कर. "पुढच्या मंगळवारी या" म्हणालीस की निम्म्या तिथेच गेल्या. गाठीचा बारीक तुकडा काढणारी ट्रूकटची सुई, भूल, दहा मिनिटं, सगळं बाहेरच्या खोलीत होतं. त्या आधी मात्र दोन गोष्टी बोल. एक म्हणजे सुई घातल्याने आजार पसरत नाही. ही भीती फार खोल असते आणि ती बोलून दाखवली जात नाही, म्हणून तिने विचारायची वाट न बघता तू सांग. दुसरं म्हणजे छाती काढायची की नाही हे आज ठरत नाहीये. तुला वाटतं त्याहून जास्त बायका या एका भीतीने परत येत नाहीत. छाती गेली की नवरा जाईल, नवरा गेला की छप्पर जाईल, असा तो हिशोब असतो. त्या हिशोबाला अज्ञान म्हणू नये. बाईला विचार, रिपोर्ट ऐकायला बरोबर कुणाला आणायचं? नवरा, बहीण, सासू, तिने सांगावं. ते माणूस समोर बसलेलं असताना तू सांगितलेलं घरात टिकतं. आणि छोटी गाठ दिसली की सरसकट कापून काढायचा मोह आवर. काय आहे ते न कळता काढलेली, तपासायलाही न पाठवलेली गाठ वर्षभराने दुप्पट होऊन परत आल्याचं मी पाहिलंय.

आता बाटली. मी हे मुद्दाम लिहिते, कारण इथेच माझ्या हातून एका बाईचं नुकसान झालंय. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. शनिवारी दुपारी एका बाईची गाठ काढली. नमुना टिकवणारं फॉर्मेलिन संपलं होतं. तुकडा सलाईनच्या बाटलीत घातला, वर पट्टी चिकटवली, नाव लिहिलं, आणि सोमवारी लॅबला पाठवला. रिपोर्ट आला: कॅन्सर, इस्ट्रोजेन रिसेप्टर निगेटिव्ह. म्हणजे तो इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढणारा नाही, त्याला रोखणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या गोळीचा उपयोग नाही, म्हणून दिली नाही. दोन वर्षांनी ती पाठीच्या मणक्यात दुखणं घेऊन परत आली. या वेळी नमुना नीट घेतला होता, आणि रिसेप्टर पॉझिटिव्ह निघाला. दोन दिवस सलाईनमध्ये पडलेल्या तुकड्यातली प्रथिनं मेली होती. तपासणाऱ्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. चूक माझ्या बाटलीची होती. त्या बाईला दोन वर्षं रोज एक गोळी मिळायला हवी होती, ती मिळाली नाही.

म्हणून सुईतून निघालेला तुकडा त्याच मिनिटाला फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे. फॉर्मेलिन दहा टक्क्यांचं, बफर घातलेलं. दुकानातल्या दाट द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेऊन बनवतात, आणि त्यात फॉस्फेटचे क्षार घालतात, नाहीतर ते आंबट होऊन नमुना खराब करतं. तुकड्याच्या दहापट तरी द्रव हवा. ऑपरेशनची मोठी गाठ असेल तर ती कापून उघड, म्हणजे द्रव आत शिरतो, आणि हे सगळं तासाभरात कर. बाटलीवर काढल्याची वेळ आणि फॉर्मेलिनमध्ये घातल्याची वेळ, दोन्ही लिही. तुकडा फॉर्मेलिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी नको आणि तीन दिवसांपेक्षा जास्त नको. म्हणजे तुझ्या भागातून मुलागोकडे जाणारी बाटली आठवडाभर कुणाच्या टेबलावर पडून चालणार नाही. आफ्रिकेतल्या बायकांचे कॅन्सर बहुतेक रिसेप्टर निगेटिव्हच असतात, असं बरीच वर्षं मानलं गेलं. नंतर सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा दिसलं की जुन्या साठवलेल्या नमुन्यांत पॉझिटिव्ह कमी निघत होते, आणि ताज्या, नीट ठेवलेल्या नमुन्यांत निम्म्याहून जास्त. किती बायकांची गोळी अशा बाटल्यांत हरवली असेल!

ही गोळी जुनी आहे, पेटंट कधीच संपलंय, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रिसेप्टर पॉझिटिव्ह असलेल्या बाईने ती पाच वर्षं रोज घेतली तर या कॅन्सरने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो, पाळी चालू असली तरी. पाच वर्षं हा मात्र मोठा काळ आहे. ती सहाव्या महिन्यात सुटते, कारण बाईला बरं वाटत असतं. एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या दे आणि संपायच्या आठवडाभर आधी फोन कर.

फोनचं मी पुन्हा सांगते, कारण बायोप्सी आणि रिपोर्ट यांच्या मधले तुझे तीन आठवडे हाच खरा रोग आहे. युगांडा, झांबिया, नायजेरिया, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांत 2014 पासून स्तनाच्या कॅन्सरच्या दोन हजारांहून जास्त बायकांचा मागोवा घेतला गेला. दर तीन महिन्यांनी त्यांना किंवा घरच्यांना मोबाइलवर फोन जायचा. बहुतेकींचा पत्ता शेवटपर्यंत लागत राहिला. म्हणजे या बायका हरवत नाहीत, आपण फोन करत नाही. दोन नंबर लिहून घे, एक तिचा आणि एक अशा माणसाचा, ज्याला तिने आजाराबद्दल सांगितलंय. फोनवर कॅन्सर हा शब्द उच्चारू नकोस, "रिपोर्ट आलाय, या, गाडीभाडं आम्ही देऊ" एवढंच.

मंडळाचे पैसे इथे लाव. ट्रूकटची गन, तिच्या सुया, फॉर्मेलिन, बाटल्या कंपालाला नेणाऱ्या माणसाचं भाडं, रिसेप्टरच्या तपासणीचे पैसे. बायकांच्या बसचं आणि बोडा-बोडा या मोटरसायकल टॅक्सीचं भाडं. मुलागोत केमोसाठी राहायला लागलं तर तिथल्या मुक्कामाचा खर्च, कारण औषध फुकट मिळालं तरी कंपालातली रात्र फुकट नसते. आणि एका बाईचा पगार. ही बाई नर्स नसली तरी चालेल, ती या आजारातून गेलेली असावी. तुझ्या तीस नावांत अशी एखादी असेलच, जिची छाती काढून वर्ष झालं आणि जी आता शेतावर काम करते. तिला नोकरीवर घे. बाहेरच्या बाकावर घाबरून बसलेल्या बाईजवळ ती जाऊन बसली की काय होतं, ते तूच बघशील. मंडळाला फोटो हवा असेल, तर मशीनपेक्षा तिचा फोटो चांगला. अर्थात तिची परवानगी असेल तर.

उपचारांबद्दल फार लिहीत नाही, तू सर्जन आहेस. फक्त मोठी, कातडीला चिकटलेली गाठ लगेच कापायला घेऊ नकोस. आधी केमो, मग चाकू. युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या एका डॉक्टरशी ओळख कर आणि नंबर घे. केमो तिकडे आणि ऑपरेशन तुझ्याकडे, अशी वाटणी झाली तर बाईच्या कितीतरी खेपा वाचतात. छाती वाचवण्याचं ऑपरेशन रेडिएशनची तारीख हातात असल्याशिवाय करू नकोस.

आता ज्या बऱ्या होणार नाहीत त्यांच्याबद्दल. वहीत अशा बऱ्याच असतील आणि "उपयोग काय" हा प्रश्न बहुधा त्यांच्यामुळे पडला असेल. फुटलेल्या जखमेच्या बाईला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, हे विचारलंस का? बरेचदा वेदनेच्या आधी वास येतो. त्या वासामुळे ती वेगळ्या खोलीत झोपते, बसमध्ये बसत नाही, मुलांना जवळ घेत नाही. तुझी बाई लेसू ओढून का बसली, याचं एक कारण हेही असू शकतं. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर भुरभुरायची. जखम आधी मिठाच्या पाण्याने धुवायची, वर न चिकटणारी पट्टी लावायची. थोड्या दिवसांत वास जातो. हे घरच्या माणसाला शिकव, तुझ्या ड्रेसिंगरूममध्ये अडकवून ठेवू नकोस. कॅन्सर तोच राहतो, पण बाई पुन्हा माणसांत येते. डॉक्टर म्हणून यापेक्षा मोठं काम मी फार वेळा केलेलं नाही.

आणि वेदनेसाठी मॉर्फीन. या बाबतीत युगांडा पुष्कळ श्रीमंत देशांना शिकवेल असा आहे. डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी 1993 मध्ये कंपालात असाध्य आजाराच्या रुग्णांची काळजी घेणारं हॉस्पिस आफ्रिका युगांडा सुरू केलं आणि पिण्याचं मॉर्फीन बनवायला घेतलं. पूड, पाणी, टिकाऊपणासाठी थोडं काही, बस. 2004 पासून तिथे प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फीन लिहून द्यायची कायद्याने परवानगी आहे. तुझ्या नर्सपैकी एकीला ते प्रशिक्षण घ्यायला पाठव. मॉर्फीनबरोबर पोट साफ होण्याचं औषध द्यायला विसरू नकोस, नाहीतर तिसऱ्या दिवशी बाई बाटली बंद करते.

उरला तुझा शेवटचा प्रश्न. आकड्यांनी सुरुवात करते. श्रीमंत देशांत बारांतल्या एका बाईला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो आणि एकाहत्तरांतली एक त्याने मरते. सर्वात मागे राहिलेल्या देशांत तो सत्तावीसांतल्या एकीला होतो, म्हणजे निम्म्याहून कमी जणींना, तरी अठ्ठेचाळीसांतली एक मरते. त्या पाच देशांच्या अभ्यासात तीन वर्षांनी निम्म्याच बायका जिवंत होत्या. पण त्याच अभ्यासात नामिबियातल्या गोऱ्या बायकांपैकी नव्वद टक्के जिवंत होत्या. खंड तोच, आजार तोच. निदान थोडं लवकर झालं आणि उपचार थोडे सुधारले, तेही कमी खर्चात जमण्याजोगे, तर तीन वर्षांत होणाऱ्या मृत्यूंपैकी 28 ते 37 टक्के टळतील, असा त्या लोकांचा हिशोब आहे. याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला झोपू देत नाही. पन्नाशीच्या आतल्या शंभर बायका या आजाराने गेल्या की मागे दोनशे दहा मुलं आईवाचून राहतात.

मुलागोबद्दल तुला कदाचित माहीत नसेल. डेनिस बर्किट नावाच्या सर्जनने मुलांच्या जबड्यातल्या कॅन्सरच्या गाठींचं वर्णन केलं तेव्हा तो मुलागोतच काम करत होता. 1958 मध्ये त्याचा लेख आला. 1967 मध्ये तिथे सुरू झालेल्या छोट्याशा वॉर्डातून आजचं कॅन्सर इन्स्टिट्यूट उभं राहिलं. केवळ औषधांनी एखादा कॅन्सर बरा होऊ शकतो, हे सुरुवातीला ज्या मोजक्या ठिकाणी सिद्ध झालं त्यातलं ते एक. मुलं दिवसचे दिवस प्रवास करून यायची, आणि तेव्हाही माणसं घरोघरी जाऊन त्यांना शोधून आणत. तुझ्याकडे निदान फोन आहे.

करार संपेपर्यंत थांब, असं माझं मत आहे. त्यानंतरचं तेव्हा बघू. आत्ता त्या अडतीस वर्षांच्या बाईचं बघ. तिचा रिपोर्ट तुझ्या कपाटात पडलाय आणि ती कुठे राहते हे रजिस्टरमध्ये असेल. तिच्या गावच्या व्हिलेज हेल्थ टीममधल्या माणसाला निरोप दे. तो भेटला नाही तर तुझ्या नर्सला बोडावर बसवून पाठव, जायचं-यायचं भाडं आणि बाईचं येण्याचं भाडं तिच्याजवळ देऊन. मेट्रोनिडाझोलची पुडी आणि पट्ट्याही दे, बाई आली नाही तरी त्या तिच्या घरी राहतील. आली, तर पहिल्या वेळी तू जे विचारलंस त्याची तिच्याजवळ माफी माग. तिथली भाषा येत नसली तरी तेवढे दोन शब्द नर्सकडून आधी शिकून घे आणि स्वतःच्या तोंडाने म्हण.

– ताई